केसातला शनिवार

घटस्फोटाच्या तारखेआधी नवरे डोकं तुळतुळीत करून कोर्टात यायला लागले, तेव्हा कुठे अलिबागकरांना केशवाचकाची खरी ताकद कळली. त्याआधी ते यंत्र म्हणजे मोठ्या इस्पितळातली, केसातून माणसाचा ताण वाचणारी एक महागडी पेटी, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मग विमावाल्यांनी ते घेतलं, मग कोर्टांनी, आणि बघता बघता न्हाव्यांना बरे दिवस आले. आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या सलूनने तर 'पूर्ण सफाई, तारखेआधी खास सवलत' अशी पाटीच लावली. येता-जाता ती वाचून मी हसायचे. आपल्यावरही केस काढून द्यायची पाळी येईल असं तेव्हा मनातही नव्हतं.

माझं नाव शुलामीत नवगावकर. राहायला अलिबागच्या इस्राएल आळीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. किती पिढ्यांपासून इथे आहोत ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, पण बोलतो मराठी, भांडतोही मराठीतच. आता आळीत आमची घरं थोडी उरलीत. आमच्या घरात मी आणि माझ्या सासूबाई मिल्काबाई, अशा दोघी. माझा नवरा एझ्रा जहाजावर इंजिनिअर आहे. वर्षातले बरेचसे महिने तो समुद्रावर असतो आणि तिथून फोनवर आम्हा दोघींनाही वेगवेगळं गाठून 'तुझंच बरोबर आहे' असं सांगतो.

मीही बोटी चालवायचे, पण खुर्चीत बसून. मांडव्याला 'खाडीवाट' नावाच्या कंपनीची नियंत्रण खोली होती. बोटींवर माणूस नाही, माल तेवढा. समोर पडदे, हाताशी दांडी, आणि एकेका पहाऱ्याला, म्हणजे पाळीला, तीन-तीन बोटी. संगणक स्वतःहून नव्वद टक्के काम करायचा, पण धरमतरच्या खाडीत ओहोटीला गाळ कधी कुठे वर येईल याची खात्री संगणकालाही नसते. म्हणून कायद्याने शेवटचा शब्द माणसाचा ठेवला होता, आणि त्या माणसाला सरकारी परवाना लागत होता. माझा परवाना पहिल्याच परीक्षेत मिळालेला. मला ते काम फार आवडायचं, हे सरळच सांगते.

नेमणुकीच्या वेळीच मी शनिवार मागून घेतला होता. आमचा शब्बाथ शुक्रवारी दिवस मावळला की सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. त्या वेळात आम्ही काम करत नाही. बदल्यात मी रविवारी यायचे, दिवाळीत यायचे, होळीला यायचे. सगळे खूश होते. मग परिमल खोत विभागप्रमुख होऊन आला.

खोत ओरडणारा माणूस नव्हता. तो हसवणारा होता, आणि ते जास्त वाईट. "तुमच्या देवाला साप्ताहिक सुट्टी लागते, आमचा बिचारा ओव्हरटाइम करतो," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा आणि खोली हसायची. पहिल्यांदा मीही हसले. मग माझं नाव 'शनिवारबाई' पडलं. मग दर शुक्रवारी माझा पहारा नेमका दिवेलागणीच्या पुढे जायला लागला. मग शनिवारी माझ्या रिकाम्या खुर्चीला हार घालून त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर यायला लागला. खाली हात जोडल्याची चित्रं. जिवंत माणसाच्या खुर्चीला हार. मी तक्रार केली तर उत्तर आलं, की थोडी विनोदबुद्धी ठेवा.

आणि मग तो दरफाळण्याचा, म्हणजे दार लावून घेण्याचा, दिवस आला.

हा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि दार लावून घ्यायचं, आपण आणि आपला देव. हल्ली लोक दिवसभर सिनेगॉगमध्ये जाऊन बसतात. पण आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेले, त्यामुळे आम्ही दोघी जुन्या पद्धतीने घरीच दार लावून बसलो होतो. आळी रिकामी. भर दुपारी दारावर थापा पडायला लागल्या. ऑफिसातला सुजय पाटकर टॅब्लेट घेऊन उभा होता. "खोत साहेबांनी पाठवलंय, बोट अडकलीय, एकदा बोला," असं बाहेरून म्हणत होता. मी आईंना खुणेनेच सांगितलं, उघडू नका. थापा थांबेनात. आई उठल्या, गुडघा धरत दारापर्यंत गेल्या, आणि त्यांनी दार उघडलं.

पडद्यावर खोत हसत होता. "शनिवारबाई, आज तर बुधवार आहे." तासाभरासाठी पहारा घ्या म्हणाला. खोलीत दुसरे दोघे परवानेवाले रिकामे बसलेत हे मला त्याच्या मागे दिसत होतं. मी नाही म्हटलं. त्याने ते रेकॉर्ड करून ठेवलं, आणि आठवड्याभरात माझ्या परवान्यावर शेरा पडला: पहारा सोडला. नोकरी गेलीच, पण त्या शेऱ्यानंतर कुठलीच कंपनी मला साधी होडीसुद्धा हाताळू देईना. मी मांडव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं विकायला लागले. समोरून खाडीवाटच्या बोटी जायच्या, आणि कुठली बोट कोण चालवतंय ते मला तिच्या वळणावरून ओळखू यायचं.

घरात दार कुणी उघडलं याबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. खरं म्हणजे कशाबद्दलच फारसं बोललो नाही. आईंनी अबोला धरला होता. माझी समजूत अशी, की मी नोकरी घालवली म्हणून त्या रागावल्यात. एकच गोष्ट चालू राहिली. दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी त्या मला पुढ्यात बसवायच्या आणि डोक्यावर नारळाचं तेल थापायच्या. शब्बाथला वेणीफणी करायची नाही, म्हणून आदल्या दिवशीच चोळूनमोळून घट्ट वेणी. मी लग्न होऊन आल्यापासूनचा हा नेम. अबोल्यातही तेलात खंड पडला नाही.

*

सव्वा वर्षाने खाडीवाटने गुडघे टेकले. नमाजाला जाणाऱ्याला 'हवा खायला चालले' म्हणणं, एकाच्या टेबलावरची बुद्धाची मूर्ती दर आठवड्याला कचऱ्यात 'चुकून' जाणं, असं बरंच काही इतरांच्या बाबतीतही झालं होतं. सगळ्यांचं मिळून प्रकरण उभं राहिलं आणि कंपनीने तडजोड केली. चूक मान्य नाही, पण दावे मान्य.

तडजोडीत दोन वाटा होत्या. साधा दावा केला तर कुठलीही तपासणी नाही, ठरलेली भरपाई घ्या आणि गप्प बसा. गंभीर दावा केला तर परवान्यावरचे, बढतीवरचे सगळे शेरे पुसले जातील. पण त्यासाठी तो जाच खरंच अंगाला लागला होता हे केशवाचकाने सिद्ध व्हायला हवं. आणि जे काही वाचलं जाईल ते कंपनीच्या वकिलालाही बघायला मिळेल.

मला भरपाईशी देणंघेणं नव्हतं. मला बोटी हव्या होत्या.

"साधा कर," आई म्हणाल्या. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता बोलल्या. बऱ्याच दिवसांनी त्या माझ्याशी आपणहून बोलल्या होत्या, म्हणून मी चमकून बघितलं.

"साध्यात शेरा जात नाही, आई."

"नको जाऊ दे. केस कशाला द्यायचे परक्याला? घरातलं सगळं बाहेर काढतात म्हणे. त्या वरसोलीच्या बाईचं ऐकलं नाहीस? सासूने छळलं म्हणून निघालं केसात."

"तुम्ही मला कुठे छळलंय?"

आई ताटातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "केसाला काय कळतं गो, कोणाचं चुकलं ते?"

मी त्याचा अर्थ माझ्या परीने लावला. सासू-सुनेच्या घरात कुरबुरी असतातच, त्या चव्हाट्यावर येतील आणि लोक आपल्याला खाष्ट सासू म्हणतील, याची त्यांना धास्ती. ती मलाही होती. आमचा वर्षभराचा अबोला त्या यंत्रात कसा दिसेल कोण जाणे. वकील म्हणेल, बघा, बाईला त्रास घरातच होता. आणि तसं निघालं तर मी आईंकडे कुठल्या तोंडाने बघणार होते?

दोन रात्री नीट झोप लागली नाही. मग गंभीर दाव्यावर सही केली आणि आईंना सांगितलं. त्या फक्त 'बरं' म्हणाल्या.

*

केशवाचक पनवेलला होता. तो चालवणारा तन्वीर मुकादम हा आमच्या रेवदंड्याकडचाच निघाला, त्यामुळे निम्मा वेळ कोण कुणाचा कोण लागतो यातच गेला. मग त्याने माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूने, अगदी मुळापासून, पेन्सिलीएवढी बट कापली.

"ताई, केस म्हणजे मेलेली वस्तू," तो समजावून सांगायला लागला. "पण मुळाशी तो जिवंत असतो. रक्तात जे फिरतं त्यातलं थोडं त्या मुळात शिरतं आणि केस वाढताना आत बंद होतं. माणूस घाबरला, चिडला, अपमान झाला, की मूत्रपिंडांवरच्या त्या दोन छोट्या ग्रंथी एक द्रव्य सोडतात. कॉर्टिसोल म्हणतात. ते रक्तातून निघून जातं, आपण विसरतोही, पण केसात त्या दिवसापुरतं अडकून राहतं. केस महिन्याला बोटाच्या रुंदीएवढा सरकतो. पूर्वी महिन्याचा अंदाज यायचा. आता लेझरने इतके पातळ काप पडतात, की एकेक दिवस सुटा दिसतो."

"आणि तास?"

"तास नाही. दिवस कळतो, दुपार कळत नाही. कारणही कळत नाही. खड्डा कुठे आणि डोंगर कुठे एवढंच. कुणामुळे, ते माणसांनी सांगायचं." मग त्याने बट प्रकाशात धरली आणि तो जरा गंभीर झाला. "अडचण एकच. सव्वा वर्षापूर्वीचा भाग मुळापासून बराच लांब आलाय. साबण, ऊन, खारी हवा, यांनी आतलं द्रव्य धुपतं. वीतभर लांबीच्या पुढे बहुतेकांचं कोरंच निघतं. कंपनीचा वकील पहिला हाच मुद्दा काढतो."

मी घरी आले ती तोंड पाडूनच. शुक्रवार होता. आईंनी पुढ्यात बसवलं, वेणी सोडली, आणि कापलेल्या जागी त्यांची बोटं थांबली. तिथे केसांची खुंटं टोचत असणार. त्या जागेवरून त्यांनी दोनदा हात फिरवला आणि मग नेहमीसारखं तेल थापलं. मग आम्ही दिवे लावले. पाण्याच्या पेल्यांवर तेलाचा थर, त्यात तरंगत्या वाती.

आठवड्याने मुकादमचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"ताई, तुम्ही डोक्याला काय लावता?"

"नारळाचं तेल. मी नाही, सासूबाई लावतात."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. का?"

"केसावर खवल्यांसारखी बारीक झाकणं असतात. ती उघडी पडली की आतलं वाहून जातं. तुमची सगळी बसलेली आहेत, टोकापर्यंत. आत पाणी शिरलंच नाही. तीन वर्षांचं जसंच्या तसं आहे. मी असा केस पाहिलेला नाही. या, बघून जा."

पडद्यावर एक हिरवी रेघ होती, उजवीकडून डावीकडे भूतकाळात जाणारी. आधी मला नुसता खडबडीतपणा दिसला. मग त्याने बोट ठेवून दाखवलं. दर सातव्या दिवशी रेघ खाली बसत होती. नियमाने, आठवड्यामागून आठवडा, ओहोटी आल्यासारखी.

"त्या दिवशी तुम्ही कुठे असता?"

"घरी. शनिवार तो."

"तडजोडीच्या कागदात कंपनीने लिहिलंय, की शनिवार ही तुमची सबब होती. हे घ्या. सबबीची ओहोटी येत नाही."

खोत आल्यापासून शुक्रवारची टेकाडं दिसायला लागली होती. पण शनिवार तरीही खाली बसतच होता. अबोल्याच्या वर्षातसुद्धा. मी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं त्या घरात माझं अंग निवांत होत होतं. मला रडू आलं. मुकादम शहाणा, तो चहा सांगायला बाहेर गेला.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "एक अडचण आहे, ताई. सगळ्यात उंच डोंगर बघा." त्याने रेघ मागे नेली. "हा दिवस. उपासामुळे तारीख पक्की लागली. उपासाने थोडी रेघ चढते, आदल्या वर्षीही चढलीय. पण या दिवसाची त्याच्या कितीतरी पट आहे. आणि त्या दिवशी तुम्ही ऑफिसात नव्हता. घरी होता."

*

सुनावणी अलिबागलाच होती, तडजोड कचेरीत. निवाडा करणाऱ्या गावंडबाई, निवृत्त न्यायाधीश, चष्मा नाकाच्या टोकावर. कंपनीकडून वकील देवस्थळी, गोड बोलणारा. आणि त्याच्या शेजारी परिमल खोत. टाळू लखलखत होती.

"केस कुठे गेले?" गावंडबाईंनी सहज विचारलं.

"उन्हाळा फार आहे, मॅडम," खोत म्हणाला. जानेवारी चालू होता. गावंडबाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

मी आईंना येऊ नका म्हटलं होतं. त्या आल्याच. काठी टेकत मागच्या खुर्चीवर बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन. मला वाटलं, आपल्याबद्दल काय निघतंय ते स्वतःच्या कानांनी ऐकायला आल्या असतील.

देवस्थळी हुशार होता. शनिवारच्या ओहोटीबद्दल त्याने वादच घातला नाही. शुक्रवारची टेकाडं, म्हणाला, कामाचा नेहमीचा ताण. हाराचा फोटो, म्हणाला, अभिरुचीचा प्रश्न. मग तो त्या डोंगराकडे वळला.

"मॅडम, तीन वर्षांतला सगळ्यात मोठा आघात कंपनीच्या आवारात झालेलाच नाही. अर्जदार त्या दिवशी रजेवर, स्वतःच्या घरी, सासूबाईंबरोबर दाराआड होत्या. कंपनीचा संबंध म्हणजे एक व्हिडिओ कॉल, तो त्यांनी आपणहून घेतला. त्यानंतर त्या घरात वर्षभर दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, हे अर्जदाराने स्वतःच वैद्यकीय जबाबात सांगितलंय. घरातली भांडणं आम्ही कशी भरून देणार?"

"कॉल मी घेतला नाही," मी म्हटलं. "माणूस पाठवला होता. सुजय पाटकर. टॅब्लेट घेऊन दाराशी आला होता."

"पाटकर आता परदेशात आहेत. कंपनीच्या नोंदीत अशी कुठलीही भेट नाही." देवस्थळी खेदाने हसला. "कुणी पाहिलंय का त्यांना?"

कोण बघणार? आळीतली सगळी माणसं त्या दुपारी सिनेगॉगमध्ये होती आणि सगळी दारं बंद होती. वर्षातला नेमका एक दिवस, ज्या दिवशी आमच्या आळीत साक्षीदार मिळू शकत नाही. खोतने तो दिवस मुद्दाम निवडला होता की नाही ते मला माहीत नाही. त्याच्या टाळूवरून काही वाचता येत नव्हतं.

"दार बंद होतं, हे तर अर्जदारही म्हणतात," देवस्थळी म्हणाला. "धर्माने बंद. मग टॅब्लेट आत गेला कसा?"

दार आईंनी उघडलं हे मला सांगता आलं असतं. पण ते त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, एझ्राला नाही, सिनेगॉगमधल्या कुणाला नाही. त्यांचं ते सांगणारी मी कोण? परवाना जातोय तर जाऊ दे, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मागे काठीचा आवाज झाला.

"दार मी उघडलं," आई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. पदर नीट केला आणि गावंडबाईंकडे बघून बोलल्या, जशा शेजारणीशी बोलतात तशा.

"जन्मात त्या दिवशी दार उघडलं नव्हतं. माझ्या सासूने नाही, तिच्या सासूने नाही. ही मला नको म्हणत होती. पण तो पोरगा दारावर थापा मारीत होता, नोकरी जाईल म्हणत होता. मला वाटलं, पोरीने एवढी परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी, माझ्या हट्टापायी कशाला जाऊ द्यायची? म्हणून उघडलं. आणि त्या उघड्या दारातूनच तिची नोकरी गेली. मी उघडलं नसतं तर तो माणूस काय रेकॉर्ड करणार होता? दाराचं फळकूट?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "वर्षभर तिच्याशी काय बोलू, ते समजत नव्हतं मला. ही कधी एका शब्दाने बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं."

मी वळून त्यांच्याकडे बघत राहिले. वर्षभर मी त्यांच्या रागाला घाबरत होते, आणि राग नव्हताच तो.

"आजी," देवस्थळी फार हळुवारपणे म्हणाला, "तुम्ही सुनेसाठी सांगताय, समजू शकतो. पण हे शब्द झाले. पुरावा नाही."

आईंनी पदर मागे सारला. पांढरा अंबाडा सोडला. तेलाने चपचपीत केस खांद्यावर पडले.

"माझे पण घ्या," त्या म्हणाल्या. "तिला लावून उरलेलं तेल मी मलाच लावते."

*

पुढच्या तारखेला मुकादमने एकाच पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. माझी हिरवी, आईंची केशरी.

आईंच्या रेघेतही तो डोंगर होता, त्याच दिवशी, माझ्यापेक्षा उंच. देवस्थळी लगेच म्हणाला, "भांडणात दोघींनाही त्रास होतोच." मुकादम म्हणाला, "होतो. म्हणून आम्ही बाकीचे दिवसही पाहिले." आणि त्याने रेघा पूर्ण उलगडल्या.

खोत आल्यापासून नोकरी जाईपर्यंतच्या प्रत्येक शुक्रवारी माझं टेकाड होतं, आणि त्याच शुक्रवारी आईंचंही होतं. त्या तर घरीच असायच्या. त्यांना कोण जाच करत होतं? गावंडबाईंनी तेच विचारलं.

"दिवे लावायची वेळ टळायची," आई म्हणाल्या. "ही यायची नाही. मी दारात उभी राहायची."

मी घरी पोचले की दुसऱ्या दिवशी दोन्ही रेघा खाली यायच्या. जोडीने. मी रविवारी कामावर गेले की माझी थोडी वर, त्यांची थोडी वर. मला मलेरिया झाला होता तो आठवडा त्यांच्या केसात माझ्यापेक्षा ठळक निघाला. आणि अबोल्याच्या अख्ख्या वर्षात एक दिवस असा सापडला नाही, की घरात एकीची रेघ चढली आणि दुसरीची उतरली.

"भांडणाऱ्या माणसांच्या रेघा अशा नसतात," मुकादम म्हणाला. "मी शेकड्याने पाहिल्यात. भांडणात रेघा एकमेकींना ढकलतात. या दोन रेघांना एकाच ठिकाणाहून धक्का बसतोय. बाहेरून."

गावंडबाईंनी चष्मा काढून खोतकडे बघितलं. "तुमची रेघ असती तर बरं झालं असतं, नाही का? उन्हाळा आडवा आला." देवस्थळीने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आक्षेप मागे घेतला.

दावा मंजूर झाला. महिन्याभरात परवाना नवा होऊन आला. शेऱ्याच्या जागी कोरी जागा होती. मी ती बोटाने चाचपून बघितली, वेड्यासारखी. छातीवरचं ओझं उतरणं म्हणतात ते खरंच छातीतच जाणवतं, हे मला त्या दिवशी कळलं. रेवसच्या दुसऱ्या कंपनीने आठवड्यात बोलावलं. शनिवारबद्दल मी सांगायला लागले तर त्या बाई म्हणाल्या, तुमचा शनिवार सगळ्या जिल्ह्याला ठाऊक झालाय.

आईंनी एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोलला होता. मला न सांगता, मी केस देऊन आले त्या दिवशीच. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, असा ताटभर मलिदा झाला. आळीतले उरलेसुरले सगळे आले, मुकादम रेवदंड्याहून बायकोला घेऊन आला. आईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, की दार मी उघडलं होतं. आळीतल्या सगळ्यात जुन्या एलिझाकाकांनी खजूर तोंडात टाकला आणि म्हणाले, "मिल्काबाय, पोरीसाठी उघडलंस ना? मग वरच्याने दुसरीकडे बघितलं असेल."

नव्या नोकरीचा पहिला शुक्रवार. मी तीन बोटी धरमतरच्या तोंडातून सुखरूप बाहेर काढल्या, पहारा वेळेवर सोपवला आणि दिवस बुडायच्या आत घरी आले. आई दारात नव्हत्या. आत पाट मांडून, तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या.

मी पुढ्यात बसले. त्यांनी वेणी सोडली. कापलेल्या जागी नवे केस आले होते, बोटाच्या पेराएवढे. त्यावर त्यांची बोटं थांबली.

"शुला."

"काय आई?"

"आजचंपण यात लिहिलं जाणार?"

"हो. मुळाशी. आत्ताच लिहिलं जातंय."

वाटी कलंडवून त्यांनी ओंजळभर तेल घेतलं, दोन्ही हातांना चोळलं आणि सावकाश माझ्या डोक्यावर ठेवलं.